खुणांची वही

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांतून विशेष शिक्षिकेला फोन येतो तो बहुधा संध्याकाळी. पलीकडची विचारणा ठरलेली असते: "मॅडम, एक मुलगी आहे, तिला बोलता येत नाही. तुम्हाला खुणा येतात ना?" बौद्धिक दिव्यांग आणि कर्णबधिर मुलांच्या शाळांत आयुष्य घालवलेल्या एका शिक्षिकेच्या कामाची ही हकिकत आहे. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, पोलीस मॅडम म्हणतात आणि खेड्यातल्या आया ताई. इथे त्यांना बाईच म्हणू. त्यांचे नाव, शाळेचे नाव, गावे आणि कोणत्याही मुलीची ओळख पटेल असा तपशील या लेखात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची अशी ओळख उघड करणे गुन्हा आहे. पीडित व्यक्ती मनाने अक्षम असेल तर नातेवाइकांनी होकार दिला तरी तिचे नाव जाहीर करता येत नाही, त्यासाठी सत्र न्यायाधीशांनीच परवानगी द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितले. बाईंना हा नियम मनापासून पटतो. खानदेशात माहेर, सासर, आजोळ सगळे शेजारच्या दोन-तीन तालुक्यांत असते. अमळनेरला बोललेले दुसऱ्या दिवशी पारोळ्यात पोहोचते.

असे फोन येऊ लागले ते २०१३ नंतर. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि त्यानंतर फौजदारी कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांत दिव्यांग स्त्रीचा स्वतंत्र विचार होता. तिची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन घ्यायची, सोबत दुभाषा किंवा विशेष शिक्षक हवा, आणि सगळ्याचे चित्रीकरण व्हायला हवे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तरीही मुलीला आणि तिच्या आईला ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलेले बाईंनी अनेकदा पाहिले आहे. वर्दी, वायरलेसचा आवाज, येणारी-जाणारी माणसे, यांत जी मुलगी एरवी दोन शब्द बोलते तिचेही तोंड मिटते. म्हणून बाई आता फोनवरच सांगून टाकतात: "मी तिच्या घरी येते. तुम्हीही तिथेच या, आणि साध्या कपड्यांत या."

घरात पाय ठेवला की पहिले वाक्य बहुतेक वेळा तेच, अहिराणीत, कानावर येते. "तिले काय समजस, ताई?" आई म्हणते, आजी म्हणते, कधी काकू. त्यात मुलीचा तिरस्कार नसतो. जन्मापासून डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, पाहुण्यांनी तिच्याबद्दल हेच सांगितलेले असते. आणि आता तसे म्हणण्यात थोडा दिलासाही असतो, कारण तिला समजलेच नसेल तर तिला लागलेही नसेल. बाई वाद घालत नाहीत. त्या आईला विचारतात, तहान लागली की ती काय करते? वडील शेतातून आले हे तुम्हाला कसं सांगते? नको असलेली भाजी ताटात आली तर? पोट दुखलं तर? भीती वाटली तर?

आई सांगू लागते. मधेच भाऊ भर घालतो, आजी दोघांना दुरुस्त करते. मामा म्हणजे ओठावरून फिरवलेले बोट, कारण त्याला मिशी आहे. दवाखाना म्हणजे दंडावर टोचलेले बोट. गल्लीतला एखादा मुलगा म्हणजे मोटारसायकलची मूठ पिळल्यासारखा हात. शाळा म्हणजे छातीशी धरलेले दप्तर. बाई हे सगळे एका वहीत लिहितात: खूण, तिचा अर्थ, आणि घरात ती कोणाकोणाला कळते. पाने भरत जातात. थोड्या वेळापूर्वी 'तिला काय समजतं' म्हणणारी आई आता म्हणते, "ताई, ती बठं सांगस" (सगळं सांगते). बाईंच्या मते मुलीला घरून मिळणारा पहिला आधार हा असतो. धीराचे शब्द, कायद्याची माहिती, पैशांची मदत हे सगळे पुढचे. घराने आधी कबूल करायला हवे की ही मुलगी बोलते, आणि ती जे बोलते ते आपल्याला कळते.

कायद्याची पहिली अडचण नेमकी इथेच येते. मुलीची भाषा ज्या आईला येते ती आई बहुधा फिर्यादी असते, निदान साक्षीदार तरी असतेच. तिलाच दुभाषी केले तर बचाव पक्षाचा वकील म्हणणार, हे सगळे आईनेच मुलीच्या तोंडी घातले. त्याचा आक्षेप सर्वस्वी चुकीचाही नाही. मूक-बधिर साक्षीदाराच्या बाबतीत दुभाष्याने सांगितलेला अर्थ तेवढा लिहून चालत नाही, तिने केलेल्या खुणाही नोंदवायला हव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये 'राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंग' या निकालात सांगितले आहे. दुसरीकडे, प्रशिक्षित दुभाषा मिळाला तरी तो भारतीय सांकेतिक भाषेतला असतो. त्या भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण करणारी राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झाली, आणि प्रशिक्षित दुभाषे आजही मोठ्या शहरांतच भेटतात. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याला कधीच शाळेत न गेलेल्या कर्णबधिर मुलीला ती भाषा कुठून येणार? तिच्या खुणा तिच्या घराने घडवलेल्या. त्यात घरची बोली पावरी किंवा भिली असेल, तर मुलीची खूण आधी आईच्या बोलीत येते, मग मराठीत, आणि शेवटी जबाबाच्या कागदावर. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सांडते.

वहीचा उपयोग तिथे होतो. बाई ती वही घटनेबद्दल एक शब्दही विचारण्याआधी, कॅमेऱ्यासमोर तयार करतात. खुणांचे अर्थ आई सांगते, पण ते रोजच्या जगण्यातले: पाणी, मामा, दवाखाना, नको. त्यानंतर आई गप्प बसते, मुलीला दिसेल अशा जागी. बसण्याआधी मुलीकडे पाहून एखादी आई म्हणते, "मी शे ना आठे" (मी आहे ना इथे), आणि तेवढ्याने मुलीचे खांदे खाली येतात. जबाबात मग मुलीच्या हाताची हालचाल लिहिली जाते आणि तिच्यासमोर वहीतल्या पानाचा उल्लेख येतो.

वेळेचा प्रश्न याहून अवघड. पोलिसांना तारीख हवी असते, निदान महिना. बौद्धिक दिव्यांग मुलीला 'मागच्या महिन्यात' म्हणजे काय हे सांगता येत नाही, आणि कागदावर तारीख कच्ची राहिली की न्यायालयात तिथेच बोट ठेवले जाते. पण तिच्याही मनात काळ असतो. तो सणांचा, शेतीचा आणि जेवणाचा असतो. आखाजीला झाडाला झोका बांधला होता का? बहीण माहेरी आली होती का? कानबाईच्या सणाचे रोट झाले होते की व्हायचे होते? आई कापूस वेचायला जात होती की घरी होती? अंगात स्वेटर होता? त्या दिवशी काय खाल्ले? एखादी मुलगी झोक्याची खूण करते, मग हाताने मेंदी दाखवते, आणि त्यावरून दिवसाचा अंदाज दोन-तीन दिवसांच्या आत येतो. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे सांगावे लागते. मुलीच्या भाषेत ती वर्षातली सर्वांत ठळक तारीख असते. भाषांतराच्या पुस्तकात हे कुठेच नसते, आणि म्हणूनच खानदेशातल्या मुलीचा जबाब खानदेशातले घर समजणाऱ्या माणसाने घ्यावा, असे बाई आग्रहाने सांगतात.

प्रश्न विचारण्याची रीत शिकावी लागते, आणि ती घरच्यांनीही शिकायला हवी. बौद्धिक दिव्यांग मुलांना मोठ्यांच्या प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय असते. आयुष्यभर 'हो' म्हटल्यावरच शाबासकी मिळालेली असते. "त्यानेच केलं ना?" असे विचारले तर ती हो म्हणेल, आणि दुसऱ्या कोणाचे नाव घेतले तरी हो म्हणेल. म्हणून बाई आधी साधे, खोटे प्रश्न विचारून पाहतात. तुझ्याकडे हत्ती आहे? मी तुझी आजी आहे? मुलगी हसून मान हलवते, म्हणजे खोटे ते नाकारणे तिला जमते, आणि ते चित्रीकरणात येते. दुसरी गोष्ट अशी की तोच प्रश्न पुन्हा विचारला की या मुलांना वाटते आपले आधीचे उत्तर चुकले, आणि ती ते बदलतात. घरी आत्याने विचारलेले असते, मग काकांनी, मग सरपंचांनी, मग पोलीस पाटलांनी. जबाबाची वेळ येईपर्यंत गोष्ट चार वेळा बदललेली असते, आणि मग सगळे म्हणतात, पोरगी रोज वेगळे सांगते. बाई घरच्यांना हात जोडून सांगतात: तिने आपणहून जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तिच्याच खुणेत त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि त्यापुढे एकही प्रश्न विचारू नका. फक्त सांगा की तू सांगितलंस ते बरं केलंस.

पहिल्या काही तासांत घराकडून जे होते ते मायेपोटी होते, आणि त्यानेच पुरावा जातो. आई मुलीला न्हाऊ घालते, कपडे धुऊन टाकते. खरे तर तेच कपडे सुकवून कागदात गुंडाळून ठेवायला हवेत; प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणजे अंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जायला हवेच. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि गर्भधारणा टाळण्याच्या गोळीचाही उपयोग जितका लवकर तितका अधिक. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने असा उपचार मोफत आणि ताबडतोब करायचा आहे; पोलिसांचे पत्र आणा, असे म्हणून परत पाठवता येत नाही. तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' तर त्याच सूचनांनी बंद केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितले. तपासणीच्या खोलीत बाई मुलीला प्रत्येक वस्तू आधी हातात घेऊ देतात. कापूस, काडी, हातमोजा. डॉक्टरांना घाई असते, रांग मोठी असते, तरी ती पाच मिनिटे मागून घ्यावीच लागतात. जिच्या अंगाला तिच्या मर्जीविरुद्ध हात लागला, तिच्या अंगाला विचारल्याशिवाय पुन्हा हात लावणे म्हणजे तीच गोष्ट पुन्हा करणे होय.

खटला उभा राहिला आणि मुलगी न्यायालयात काहीच सांगू शकली नाही तर? या प्रश्नाने अनेक घरे तक्रारीआधीच माघार घेतात. त्यांच्यासाठी बाई महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतात. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत' या प्रकरणातली मुलगी सुमारे १४ वर्षांची, मूक-बधिर आणि काही प्रमाणात बौद्धिक दिव्यांग. तिची साक्ष झालीच नाही. खालच्या न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले होते, उच्च न्यायालयाने तेवढ्या कारणावरून सोडले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. अशा मुलीची साक्ष झाली नाही तरी नोंदीवरच्या इतर पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, असे न्यायालय म्हणाले, आणि देशभर अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रे उभारण्याचा आदेशही त्याच निकालात दिला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये 'स्मृती तुकाराम बडदे' प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलेच, ही केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात हवीत आणि बोलण्या-ऐकण्याची किंवा कोणतीही अक्षमता असलेल्या व्यक्तीला त्यांचा लाभ मिळायला हवा, हे स्पष्ट झाले. जिथे आरोपी समोर दिसणार नाही, जिथे खेळणी आणि पडदा असेल, जिथे वकिलाचा प्रश्न न्यायाधीशांमार्फत साध्या शब्दांत येईल, अशी खोली मागण्याचा अधिकार आईवडिलांना आहे. पुष्कळांना ते माहीतच नसते.

आंध्र प्रदेशातल्या पाटण जमाल वली खटल्याचा निकाल (२७ एप्रिल २०२१) बाई अंध मुलींच्या पालकांना सांगतात. त्यातली तरुणी जन्मांध, अनुसूचित जातीची. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीतला, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखले. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून तिची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शहा यांनी लिहिले आणि जन्मठेप कायम ठेवली. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २०१८ मध्ये आठ राज्यांतल्या १७ प्रकरणांचा अभ्यास करून जो अहवाल काढला त्यात दिसते ते असे की कायदा पुष्कळ ठिकाणी आहे, तो वापरणारे हात नाहीत.

'घरी येणारा-जाणारा' हे तीन शब्द बाईंच्या कामात पुन्हा पुन्हा येतात. कापसाच्या वेचणीला आई-वडील पहाटे निघतात. मुलीला एकटे ठेवायचे कसे, म्हणून दाराला बाहेरून कडी. किल्ली शेजारी. घराला वाटते, पोर सुरक्षित आहे. प्रत्यक्षात आत ती एकटी असते, पळून जायला वाट नसते, आणि कडी कोणी उघडावी हे बाहेरच्याच्या हातात असते. यात आईला दोष देणाऱ्यांनी एक दिवस मजुरी बुडवून पाहावी. गावात दिव्यांग मुलांसाठी दिवसभराची सोय असती तर कडी लागली नसती. ती सोय करणे हे सरकारचे आणि गावाचे काम होते.

घटनेनंतर मात्र ही कडी आणखी घट्ट होते, आणि बाईंना त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. शाळा बंद. ओट्यावर बसणे बंद. लग्नाकार्यात नेणे बंद. मुलीला कळत नाही की आपण काय चूक केली. तिच्या लेखी तिने सांगितले आणि म्हणून तिची शाळा गेली. पुढच्या वेळी ती सांगणार नाही. मुलगी अंघोळीला नकार देते, अंथरूण ओले करते, मोटारसायकलचा आवाज आला की कोपऱ्यात जाते. घरचे म्हणतात, बिघडली. हे सगळे भीतीचे बोलणे असते आणि तेही वहीत लिहून ठेवावे, कारण तिच्या सुधारण्याचा हिशेबही त्यातूनच कळतो. शक्य तितक्या लवकर तिला तिच्या रोजच्या वेळापत्रकात परत आणणे, तीच शाळा, तीच भाकरी, तोच झोपायचा कोपरा, याहून मोठे औषध बाईंना माहीत नाही. समुपदेशक मिळाला तर उत्तमच.

'पिशवीच काढून टाका' हा सल्लाही घरी येतोच. पाळीचा त्रास नको आणि पुन्हा काही झाले तर पोट राहायला नको. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात अशाच कारणासाठी काढली गेली होती. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. तो उघडकीला येण्याची एक खूण तेवढी नाहीशी होते. आपला मार्ग सुरक्षित आहे असे अत्याचार करणाऱ्याला वाटू लागते. संस्थेत ठेवले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका गृहात बौद्धिक दिव्यांग आणि कर्णबधिर मुलींवर तिथल्याच माणसांनी केलेले अत्याचार २०११ मध्ये बाहेर आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा दिल्या. मुलीला संस्थेत ठेवायचेच असेल तर आईवडिलांनी न सांगता, अवेळी भेटायला जावे आणि तिला एकटीला भेटावे, हे बाई प्रत्येकाला सांगतात.

दिवस गेले असतील तर निर्णय कोणाचा? २००९ मध्ये 'सुचिता श्रीवास्तव' खटल्यात, चंदीगडच्या नारी निकेतनात अत्याचार झालेल्या बौद्धिक दिव्यांग तरुणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती सज्ञान आहे आणि सौम्य अक्षमता असली तरी तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. तिला मूल हवे होते. उलट गर्भपात हवा असेल तर गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारपीडित आणि दिव्यांग स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत तो करून घेता येतो. दोन्ही वेळा आधी तिला विचारायचे आहे, चित्रांनी, बाहुलीने, जसे तिला कळेल तसे. "तिच्या वतीने आम्हीच ठरवतो" असे म्हणणाऱ्या चांगल्या, प्रेमळ वडिलांना बाईंनी हे सांगितले आहे, आणि ते ऐकणे त्यांना जड गेले आहे.

वयाचीही एक फट आहे. मुलगी १८ च्या आत असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण मिळते: बंद दाराआड सुनावणी, सोबतीला आधार व्यक्ती. अठरा ओलांडल्यावर मन सहा वर्षांचे असले तरी तो कायदा लागू होत नाही. दिल्लीतल्या एका डॉक्टर आईने सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मुलगी सुमारे ३८ वर्षांची, मानसिक वय सहा ते आठ. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने सहानुभूती दाखवली, नुकसानभरपाई द्यायला सांगितले, पण कायद्यातले वय म्हणजे जन्मतारखेचेच वय, असा निकाल दिला. ही फट संसदेनेच बुजवायला हवी, आणि आजवर ती बुजवलेली नाही. दिव्यांग स्त्रीवरच्या बलात्काराला न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, मात्र ते उपकलम गुन्ह्यात लागण्यासाठी अपंगत्वाचा दाखला वेळेवर हातात असणे फार उपयोगी पडते. कित्येक घरांनी तो काढलेलाच नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चकरा, बुडालेली मजुरी, आणि 'तिचा दाखला काढून काय करायचं' हा विचार.

गावाचा दबाव हा स्वतंत्र विषय आहे. 'मिटवून घ्या' म्हणणारे पहिल्या आठवड्यातच येतात. कधी पैसे घेऊन येतात, कधी धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी घेऊन. हा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही, हे त्यांना ठामपणे सांगणारा एक तरी माणूस घरात लागतो, आणि बाईंच्या पाहण्यात तो अनेकदा मुलीचा शिकलेला भाऊ किंवा आजी असते. एका आजीने आलेल्या पंचांना एवढेच सांगितले, "मनी नात खोटं बोलत नही," आणि ती घरात निघून गेली. १९९४ मध्येच उघडकीला आलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणाने जळगावचे नाव देशभर झाले तेव्हा खानदेशाने पाहिले आहे की अत्याचार सोसलेल्या मुलींच्या मागे घर आणि गाव उभे राहिले नाही तर खटल्याचे काय होते. त्या मुली बोलू शकत होत्या. जी बोलू शकत नाही तिच्या बाबतीत तर घर हेच सर्वस्व.

पैशांची मदत आहे. राज्याची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली, २०१७ मध्ये तिची कमाल रक्कम १० लाखांपर्यंत नेली गेली, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. मुलगी सज्ञान आणि बौद्धिक दिव्यांग असेल तर बँकेत अडचण येते. आईवडील तिचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. ते वेळ असताना घेतलेले बरे.

या सगळ्यात आई कुठे असते? कोणीही तिला विचारत नाही. ती रात्री मुलीच्या दाराशी झोपते, दिवसा मजुरीला जाते, तारखेला न्यायालयात जाते आणि घरी सासूचे ऐकते. वडील बोलत नाहीत. काही दारूत जातात, काही मुलीकडे बघणेच सोडतात. बाईंनी शाळेत अशा आयांना महिन्यातून एकदा नुसते एकत्र बसवायला सुरुवात केली. चहा, थोडी रड, थोड्या सूचना. एकीला वकिलाचा प्रश्न समजला तर ती दुसरीला सांगते. वडिलांसाठी असे काही अजून जमलेले नाही, आणि ते जमायला हवे.

बाईंची एक मागणी आहे आणि ती अवघड नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या विशेष शिक्षकांची आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची यादी भिंतीवर असावी, अहिराणी, पावरी, भिली जाणणाऱ्यांच्या नावापुढे तशी नोंद असावी, आणि त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च ठाण्याने द्यावा. आज हे काम ओळखीवर आणि भल्या अधिकाऱ्यावर चालते.

ज्यांच्या घरात न बोलणारी, न ऐकणारी किंवा कमी समजणारी मुलगी आहे त्यांनी खुणांची वही काही घडण्याची वाट न पाहता आजच सुरू करावी. तिला अंगाच्या प्रत्येक भागाची खूण शिकवावी, लाजेच्या भागांचीही, आणि 'नको' म्हणायला शिकवावे. तिच्या 'नको'ला घरात आधी मान द्यावा. दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढून ठेवावे. वेळ आलीच तर ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की मुलगी दिव्यांग आहे, तिचा जबाब घरी घ्या आणि येताना विशेष शिक्षक सोबत आणा.